अंगणातल्या दांड्या

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणातल्या दांड्यांवर कपडे नसायचे. माझ्या बायकोनं, मंगलनं, तसं ठरवूनच टाकलं होतं. जयसिंगभाऊ येणार, दांड्या धरून चालणार, ओट्यावर बसून बिनसाखरेचा चहा घेणार, गाडी हायवेच्या दिशेनं गेली की मगच धुण्याची बादली बाहेर येणार. त्या मंगळवारी नऊ वाजले, दहा वाजले, तरी गाडी आली नाही. "लोणावळ्याला डाक्टरकडं गेलं असत्याल," असं म्हणत तिनं बराच वेळ वाट पाहिली आणि ऊन फुकट चाललंय म्हणून शेवटी कपडे वाळत घातले. मी शेजारच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका बंगल्याच्या गेटचं काम करत होतो. ग्राइंडर चालू असला की मला फोन ऐकू येत नाही. तो बंद केला तेव्हा मंगल दारात उभी होती. माझा फोन तिच्या हातात होता. "भाऊ गेलं," एवढंच ती म्हणाली. मी काय करावं? मी उठून अंगणात गेलो आणि दांड्यांवरचे ओले कपडे काढायला लागलो. का, ते मला सांगता येणार नाही. मंगल म्हणाली, "आता कुणासाठी काढताय?" ... मी काढतच राहिलो.

महिना होऊन गेला त्याला. पेपरांतून जयसिंगभाऊंवर बरंच छापून आलं. मावळचे माजी आमदार, दोन वेळा निवडून आलेले, रस्त्यांचा माणूस, माजी सैनिकांचा आधार. खोटं त्यात काही नाही. पण त्या लेखांमधला माणूस इतका धुतलेला आणि इस्त्री केलेला आहे की मला तो ओळखूच येईना. लोणावळ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मी पुढं आयटीआय करून वेल्डिंगच्या धंद्यात पडलो, तो माणसं जोडण्याच्या. चारचौघांत मी त्याला भाऊ म्हणायचो, दोघंच असलो की जया. आता हे छापून येणार आहे म्हणजे चारचौघंच आहेत, तरी मी इथं जया असंच लिहिणार आहे. भाऊंबद्दल मला चांगलंच लिहावं लागेल. जयाबद्दल, आणि त्याच्या निमित्तानं माझ्याबद्दल, जरा खरं लिहिता येईल.

जया पहिल्यांदा आमदार झाला तेव्हा त्याचं कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद आणि कठड्याविना. एक दिवस त्या जिन्यावरून खट्... खट्... असा आवाज बराच वेळ येत राहिला. कार्यकर्ते खाली डोकावून पाहायला लागले. वर आले ते गायकवाड सुभेदार. सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेलेला, कृत्रिम पाय बसवलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि हातात काठी. आमच्याच गावच्या बौद्धवाडीतले. निवृत्त होऊन आले होते. जयानं खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं आणि पेन्शनचं काही अडलंय का म्हणून विचारलं. सुभेदार बसले नाहीत. म्हणाले, "पेन्शन येळेवर येती, भाऊ. सरकारनं पाय बी चांगला दिलाय. आता त्येला रस्ता द्या." मी तिथंच होतो, जिन्याला कठडा बसवायचं माप घ्यायला आलेलो. जयानं उठून जिन्याकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "सदा, माप राहू दे. आपण खाली जाऊ." आठवड्याभरात कार्यालय तळमजल्यावर आलं. माझं कठड्याचं काम गेलं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

बौद्धवाडीचा रस्ता झाला, ओढ्यावरची मोरी झाली. आणि त्या रस्त्यापासून जयानं एक रीत पाडली. आमच्या तालुक्यातले ठेकेदार त्या रीतीला मनापासून शिव्या द्यायचे. रस्ता कुठलाही असो, कार्ल्याकडचा, पवनेच्या बाजूचा किंवा वराळ्याच्या नव्या वस्तीतला, फीत कापायच्या आधी सुभेदारांनी तो चालून बघायचा. जयाच्या गाडीत पुढच्या सीटवर सुभेदार आणि मागं जया. गावात पोचल्यावर हार-नारळ, ताशा, पेढे सगळं तयार असायचं आणि सगळ्यांनी एका बाजूला थांबायचं. सुभेदार एकटे काठी टेकत निघायचे. काही बोलायचे नाहीत. जिथं अडायचे तिथं नुसते उभे राहायचे, बस्स. एकदा एका साकवावर, स्लॅब आणि रस्ता जिथं मिळतात तिथं, वीतभर पायरी राहिली होती. सुभेदार तिथं थांबले. मागं पाहुणे ताटकळलेले, ताशावाला हात आवरून बसलेला. ठेकेदार धावत गेला, "आबा, एवढ्यानं काय व्हतंय, मी हात देतो की!" सुभेदार म्हणाले, "तुमी रोज येनार का हात द्यायला?" जयानं फीत खिशात घातली आणि पाहुण्यांना गाडीत बसवलं. पेढे परत गेले. पंधरा दिवसांनी पायरी गेली आणि मग फीत कापली. लोक हसले, नावं ठेवली, पण त्या पाच-सात वर्षांत झालेल्या रस्त्यांवरून आजही म्हातारी माणसं न अडखळता चालतात. नंतरच्या रस्त्यांचं तसं म्हणता येत नाही. ते का, हे सांगायलाच मी बसलोय.

सुभेदारांबरोबर फिरता फिरता जयाच्या लक्षात आलं की अशी माणसं गावोगाव आहेत. कुणाची पाठ गेलेली, कुणाचा हात थरथरणारा, कुणाचे गुडघे पहाडांनी खाल्लेले. औषधपाण्याची सोय पुण्याला होती. पण पाय मिळाला की त्यावर रोज चालायचा सराव लागतो, आणि त्यासाठी मळवलीहून गाडी पकडून दर वेळी पुणं गाठायचं म्हणजे धडधाकट माणसालाही जिवावर येतं. म्हणून त्यानं आमदार निधीतून आमच्या गावात फाट्याजवळ एक हॉल बांधून घेतला. माजी सैनिक सभागृह. पायऱ्या नाहीत, उतार. आत दोन खाटा, एक मोठा आरसा आणि मधोमध दांड्या. तळेगावहून एक फिजिओथेरपीच्या मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. दांड्यांना त्या पॅरलल बार म्हणायच्या. आम्ही दांड्याच म्हणायचो. दोन लांब पाइप, कमरेच्या उंचीवर, समोरासमोर. मधून माणसानं दोन्हीकडं धरून चालायचं.

त्या दांड्या मी केल्या. सुभेदारांना उभं करून त्यांच्या मनगटापासून उंची घेतली. बोल्टानं बसवू का म्हणून विचारलं तर जया म्हणाला, "बोल्ट ढिले होतात. माणूस सगळा भार टाकणार आहे त्याच्यावर." म्हणून पाय फरशीखाली काँक्रीटमध्ये गाडले. उद्घाटनाच्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यानिशी दोन्ही दांड्यांवर हात टेकून पाय उचलले आणि लहान पोरासारखा लोंबकळला. "माझं पेललं म्हंजे फौजेचं पेलंल!" सुभेदार हसले. मी सुभेदारांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. पुढं तीनएक वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी फाट्यावरून जाताना त्या हॉलमधून मॅडमचा आवाज आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. थरथरत्या हाताचे एक आजोबा तर नुसतेच चहाला यायचे. ती त्यांची जागा होती. एवढं साधं होतं ते.

मग माझ्या सुषमाचं लग्न ठरलं. कामशेतजवळचं लॉन घेतलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि दोन दिवस आधी अवकाळी पावसानं झोडपलं. लॉनवर घोटाभर चिखल, मंडप आडवा. त्या दिवसांत दुसरं कार्यालय कुठून मिळणार? मी जयाकडं गेलो. तो जेवत होता. मी हॉलचं नाव काढल्यावर त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "सुभेदारांना विचारलंस?" मी तसाच उठून सुभेदारांकडं गेलो. त्यांच्या ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली बसलो. हात जोडायलाही कमी केलं नाही. ते म्हणाले, "पोरीचं लगीन हाय. न्हाई कसं म्हननार?" आता विचार करतो तेव्हा कळतं, की हे मला माहीतच होतं. आमच्याकडं पोरीच्या लग्नाला कुणी नाही म्हणत नाही. म्हणूनच मी विचारलं. ज्या प्रश्नाला उत्तर एकच असतं, तो विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच.

खाटा आणि आरसा उचलायला सुभेदार स्वतः आले होते. पण दांड्या हॉलच्या मधोमध. पंगत बसेना, स्टेजला जागा होईना. दांड्यांचं मी कुणालाच विचारलं नव्हतं, जयालाही नाही. ग्राइंडर माझाच होता. संध्याकाळी, सगळे खरेदीला गेले असताना, मी चारही पाय फरशीलगत कापले आणि वर गालिचा टाकला. मनात पक्कं होतं, लग्न झालं की दोन दिवसांत पुन्हा वेल्ड करायचं. वेल्डरला कापल्याचं काही वाटत नाही, कारण जोडता येतं हे त्याला माहीत असतं. धंद्यानं लागलेली खोड आहे ती.

लग्न थाटात झालं. जया आला, अक्षता टाकल्या, दोन शब्द बोलला, पुढच्या लग्नाला पळाला. सुभेदार कोट घालून, छातीवर पदकं लावून आले. आहेर दिला, सुषमाच्या डोक्यावर हात ठेवला. परत जाताना हॉलच्या मध्यावर, दांड्यांच्या जागी, त्यांची काठी गालिच्यावरून घसरत गेली आणि ते थांबले... रस्त्यावर थांबायचे तसे. मी ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करत व्याह्यांकडं वळलो. तेव्हा मी मनाशी म्हणालो, लग्नघरात शंभर कामं असतात. कामं होतीच. पण त्यातलं कुठलंही दोन मिनिटं थांबलं असतं.

दांड्या मी अंगणात आणून ठेवल्या. चारही पायांना खाली पट्ट्या जोडून तात्पुरत्या उभ्या केल्या, आडव्या ठेवल्या तर वाकतील म्हणून. हॉलवर वेल्डिंग मशीन घेऊन जाणार तेवढ्यात जयाचा फोन आला. "सदा, आठ दिवस थांब. पुढारीपण लय वाईट रे..." पंचायतीतल्या एकानं त्याला गाठलं होतं, "सदाभाऊच्या पोरीला हॉल दिला, मग माज्या पोराला का न्हाई?" त्या प्रश्नाला जयाकडं उत्तर नव्हतं. असणार कसं? उत्तर मी होतो. ते लग्न झालं. त्याला दिला म्हणून तिसऱ्याला. मग हळद, मग साखरपुडा, मग बारसं. लगीनसराई संपली तर निवडणूक तोंडावर आली, आणि निवडणुकीच्या वर्षात मतदाराच्या घरच्या कार्याला नाही म्हणायची जयाची छाती झाली नाही. हॉलमागं स्वयंपाकाची शेड उभी राहिली. मॅडम दोन-तीनदा येऊन दारावरच्या तोरणाखालून परत गेल्या, मग येईनाशा झाल्या. थरथरत्या हाताचे आजोबा घरीच चहा प्यायला लागले. पाटी मात्र अजून तीच आहे, माजी सैनिक सभागृह. तिच्यावर दर मुहूर्ताला नवरा-नवरीचा फ्लेक्स चढतो.

सुभेदार कुणालाही एक शब्द बोलले नाहीत. फक्त जयाची गाडी न्यायला आली की घरातून निरोप यायचा, "आबांचं अंग दुखतंय." दोन-तीनदा तसं झाल्यावर गाडी जायची बंद झाली. पुढचे रस्ते नुसत्या फिती कापून सुरू झाले. ठेकेदार खूश. आमच्या शेजारच्या वाडीच्या मोरीवर पुन्हा तशीच पायरी राहिली आहे. परवा मी मोटारसायकलवर तिथं आपटलो आणि तोंडात शिवी आली, ती गिळली. कुणाला देणार होतो?

तिसऱ्या वेळी जया पडला. हॉलमुळं नाही, राजकारणात पडायला शंभर कारणं असतात. गर्दी पांगली, गाडी एकच राहिली. इकडं आमच्या अंगणात मंगलनं दांड्यांवर पहिल्यांदा गोधडी टाकली ती मी पाहिली होती. "उन्हाला बरं पडतंय," ती म्हणाली. मग चादरी, मग रोजचं धुणं. मीच एकदा लाल रंग मारला, गंज कपड्यांना लागू नये म्हणून. सुषमा माहेरपणाला आली की तिच्या पोराची दुपटी त्यावर वाळायची. सांगायला शरम वाटते, पण मधल्या काही वर्षांत त्या कशाच्या दांड्या आहेत हे मी खरोखर विसरून गेलो होतो.

मग जयाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पुण्याला दवाखान्यात बरेच दिवस होता. घरी आल्यावर व्यायाम सांगितला, चालायला सांगितलं. घरात वॉकर होता, पण डावा हात धरत नसल्यामुळं तो वाकडा जायचा. एका मंगळवारी सकाळी त्याची गाडी आमच्या दारात थांबली. ड्रायव्हरनं त्याला धरून उतरवलं. तोंड जरा वाकडं, शब्द जड, पण डोळे तेच. अंगणात मंगलचं धुणं भरगच्च वाळत होतं. तो म्हणाला, "वहिनी, एका बाजूचे कपडे काढा. उजव्याच. डावा हात कुटं धरतोय आता." मंगलनं धावत उजवीकडची दांडी मोकळी केली. त्यानं ती धरली आणि निघाला. एक पाऊल, मग डावा पाय ओढत दुसरं. डाव्या अंगाला मंगलची ओली साडी घासत होती. टोकाला पोचला, ड्रायव्हरनं वळवलं, आणि तो थांबला. आता उजव्या हाताला साड्यांची दांडी आली होती. आम्ही सगळेच त्या साड्यांकडं बघत राहिलो. मग जया हसायला लागला, वाकड्या तोंडानं, गदागदा. "बघ सद्या, परत यायचंच आपण धरलं नव्हतं." मंगलनं सगळे कपडे ओढून बादलीत कोंबले. मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि उगाच काहीतरी शोधत राहिलो.

त्यानंतर तो येतच राहिला. दांड्या डुगडुगू नयेत म्हणून मी पाय जमिनीत ठोकून घट्ट केले. हेच काम हॉलमध्ये करायला मला इतकी वर्षं वेळ नव्हता, आणि माझ्या अंगणात ते एका सकाळीत झालं. जया चालायचा, दमायचा, ओट्यावर बसायचा. एकदा म्हणाला, "ह्या परत लावायच्या, सदा." मी म्हटलं, "लावू की. लगीनसराई सरू दे." तो माझ्याकडं बघत राहिला. आम्ही दोघंही तेच वाक्य इतक्या जणांना बोललो होतो की त्याला पुढं काही विचारावंसं वाटलं नसावं. दुसऱ्यांदा त्यानं जे सांगितलं ते मात्र सोपं होतं. "सुभेदारांना एकदा हितं घेऊन ये. मला जाता येत नाही. माझी गाडी दारात गेली तर पुन्हा अंग दुखेल त्यांचं. तू आण. आम्ही दोघं मिळून चालू थोडं." मी हो म्हणालो. बौद्धवाडी माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तो प्रत्येक मंगळवारी दांडी धरायच्या आधी फाटकाकडं बघायचा, आणि मी "ह्या शुक्रवारी आणतो" म्हणायचो. कामं होती, गेटं होती, ग्रील होती. खरं कारण इतकंच, की सुभेदारांच्या ओसरीवर जाऊन बसायची मला लाज वाटत होती. माझी लाज राखण्यासाठी मी त्याचं एवढंसं काम अडवून ठेवलं. पावसाळा गेला, थंडी आली. मग तो मंगळवार आला.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालेलं, खुर्च्यांच्या पाठीवरच्या गुलाबी फिती तशाच होत्या. स्टेजवरच्या थर्माकोलच्या अक्षरांवर पांढरी चादर टाकली होती. सगळे बोलले. एकानं सूचना मांडली की ह्या हॉलला भाऊंचं नाव द्यावं, मोठा फोटो लावावा, एसी बसवावा, म्हणजे तालुक्यात असं मंगल कार्यालय दुसरं नसेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वर गेले... आणि दाराकडं लक्ष गेलं. उताराच्या तोंडाशी, बाहेर, सुभेदार उभे होते. नातवाच्या खांद्यावर एक हात, काठीवर दुसरा. पूर्ण वेळ ते आत आले नाहीत. सभा संपायच्या आधी त्यांनी कडक सॅल्यूट केला, फोटोला की हॉलला कोण जाणे, आणि वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेलो. जे अंतर मला इतके महिने कापता आलं नव्हतं ते पाच मिनिटांत संपलं. सुभेदार आता फारसे हिंडत नाहीत. सराव तुटल्यावर पाय नीट बसेना, जखमा व्हायला लागल्या, आता घरातल्या घरात. तीच ओसरी, तीच तसबीर. मी सगळं सांगितलं. भाऊ येत होते, तुमची वाट बघत होते, मला आणायला सांगितलं होतं, मी आलो नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगायला पायजे व्हतं. म्या आलो असतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "आबा, आता तरी या. अंगण तुमचंच आहे. दांड्या घट्ट केल्यात, मंगळवार-शुक्रवार मोकळ्या असतात. मी गाडी घेऊन येतो."

"न्हाई, सदाभाऊ," ते शांतपणे म्हणाले. "भाऊंचं येगळं. त्यास्नी सवय व्हती लोकांच्या दारात जायाची. आमाला न्हाई. तुमच्या मालकीनबाई कापडं काढनार, मंग आमी चालनार... तसं नगं. आमची जागा हाय ना तितं."

मी म्हटलं, तिथंही लावतो. माझ्या डोक्यात तोडगा तयारच होता, रात्रभर त्यावर खूश होऊन झोपलो होतो. जाड प्लेटा फरशीत बसवायच्या, दांड्या त्यावर बोल्टानं पक्क्या करायच्या. कामाचं काम आणि कुणाची तक्रार नाही. सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. "बोल्ट कशापायी?" एवढंच विचारलं. लग्नाच्या दिवशी सोडवता याव्यात म्हणून. दुसरं कारण नव्हतंच. जया जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मी पुन्हा त्या दांड्या काढायची सोय करूनच निघालो होतो. "चा घ्या," सुभेदार म्हणाले. मी चहा घेतला आणि घरी आलो. प्लेटा कापून ठेवल्या होत्या, त्या भंगारात टाकल्या.

येत्या ग्रामसभेत नामकरणाचा विषय आहे. मी उभा राहून सांगणार आहे की नाव खुशाल द्या, पण आधी हॉल ज्यांचा त्यांना द्या आणि दांड्या पुन्हा काँक्रीटमध्ये गाडा. पुढं काय होणार तेही मला ठाऊक आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेल, "सदाभाऊ, तुमच्या पोरीचं लगीन कुटं लागलं व्हतं?" सगळे हसतील. जयाला ज्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तो हाच होता, आणि तो त्याला माझ्यामुळं ऐकावा लागला. आता तो प्रश्न माझ्याकडं आला आहे. मी उत्तर देणार आहे. "हितंच. पहिलं माझंच. दांड्या मीच कापल्या." एवढं तोंडातून निघालं म्हणजे झालं. नाही निघालं तर... म्हणून आधी इथं लिहून ठेवतोय, म्हणजे तिथं माघार घेता येणार नाही.

दांड्या अजून अंगणातच आहेत. मी मारलेला लाल रंग दोन्ही दांड्यांवर सारखा होता. आता दोन्हींवर आतल्या बाजूनं तो गेला आहे, जाताना एकीवर आणि येताना दुसरीवर, त्याचा उजवा हात जिथं जिथं पडायचा तिथं. मंगलनं आतल्या खोलीत दोरी बांधून घेतली आहे. कपडे घरातच वाळतात, ओलसर वास येतो. आज मंगळवार. सकाळी ती बादली घेऊन दारापर्यंत आली, दांड्यांकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "कवा न्हेताय त्या?"

मी म्हणणार होतो, लगीनसराई सरू दे. शब्द ओठांवर आले होते.